इंदिराबाई आणि लांजीचे रान

लष्करातल्या कोणत्याही जुन्या मराठी घरात इंदिरा गांधींचे नाव काढावे, की पहिल्या दोन वाक्यांतच तनखे आणि आणीबाणी यायची. त्याला कारणही तसेच आहे. संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली रद्द ठरविला, तो खटला आपल्याच माधवराव शिंद्यांच्या नावाने कायद्याच्या पुस्तकांत राहिला आहे. पुढल्या वर्षाच्या अखेरीस घटनाच दुरुस्त झाली आणि तनखे गेले ते गेलेच. १९७५ साली राजमाता तुरुंगात गेल्या. ज्या घरांनी तीन-चार पिढ्या दरबारची चाकरी केली, त्या घरांनी हे विसरावे असे म्हणणे शहाणपणाचे नाही, आणि मी ते म्हणणारही नाही.

परंतु या बाईंच्या आयुष्याला आणखी एक धागा आहे. तो रानाचा, पाखरांचा, वाघांचा. आपल्या घरांतून तो फारसा कोणी उकललेला नाही. आणि गंमत अशी, की वडिलोपार्जित ठेवा सांभाळण्यात ज्यांचा जन्म गेला त्या जुन्या वळणाच्या माणसांनाच तो सर्वांत जवळचा वाटावा. १९७९ च्या थंडीत बालाघाट जिल्ह्यातल्या लांजी गावी हा धागा हाती घेऊन मी एका कट्टर विरोधकाशी चार रात्री वाद घातला होता. त्याची हकीकत ओघाने येईलच. आधी बाईंविषयी.

त्यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९१७ चा, अलाहाबादच्या आनंदभवनातला. घर श्रीमंत, पण मुलीचे बाळपण एकाकी. वडील तुरुंगात, आई कमलाबाई कायमच्या आजारी. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि जवाहरलालजी खाली मैदानात. त्यांनी तिला जी पत्रे लिहिली त्यांचे पुढे पुस्तक झाले आणि हिंदी रूपांतर प्रेमचंदांनी केले. त्या पत्रांत राजकारण फारसे नाही. पृथ्वी कशी झाली, दगडांवरून तिचे वय कसे ओळखावे, प्राणी कसे उपजले, असला तो मजकूर. मुलीने जगाकडे पाहायला सुरुवात केली ती दगडधोंड्यांपासून, असे म्हणावयास हरकत नाही. नंतर वर्षभर शांतिनिकेतनात गुरुदेवांच्या सहवासात ती राहिली. १९३६ साली स्वित्झर्लंडात आई गेली. ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट राहिले. १९४२ च्या मार्चमध्ये फिरोज गांधींशी लग्न झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नैनीचा तुरुंग घडला.

स्वातंत्र्यानंतर तीनमूर्तीच्या वाड्यात त्या वडिलांचे घर सांभाळीत होत्या. त्या काळातली एक बारीक गोष्ट चरित्रकार पुष्कळदा सोडून देतात. १९५० च्या सुमारास दिल्लीत पक्षिनिरीक्षकांची एक मंडळी जमली. तिच्या मुळाशी होरेस अलेक्झांडर नावाचे एक क्वेकर पंथाचे इंग्रज गृहस्थ होते. पहाटे उठून दुर्बिणी घेऊन यमुनेच्या काठाने हिंडायचे, हा त्यांचा उद्योग. पंतप्रधानांची कन्या या मंडळीत आरंभापासून होती. तेव्हा त्यांच्याकडे कसलेही पद नव्हते, मते मागावयाची नव्हती, वर्तमानपत्रवाले मागे नव्हते. एखाद्या राजकारणी माणसाचे प्रेम खरे की दिखाऊ हे ठरवावयाचे, तर तो सत्तेवर येण्यापूर्वी त्या गोष्टीसाठी पहाटे उठत होता काय, ही कसोटी मला नेहमीच बरी वाटत आली आहे.

२४ जानेवारी १९६६ रोजी त्या पंतप्रधान झाल्या. पुढची तीन वर्षे स्वपक्षातल्या बुजुर्गांशी झगडण्यात गेली. आपल्या वाचकांना तो इतिहास तोंडपाठ आहे, म्हणून मी तो सोडून देतो. १९६९ साल बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे आणि काँग्रेस दुभंगण्याचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात, पक्ष फुटत असतानाच, निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाचे अधिवेशन दिल्लीस भरले आणि त्याचे उद्घाटन बाईंनी केले. वाघ आता नामशेष होण्याच्या वाटेवर आहे हे तेथे जगापुढे मांडले गेले. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. परदेशी शिकाऱ्यांना रानात हिंडवून डॉलर कमावणाऱ्या कंपन्या तेव्हा थोड्या नव्हत्या. त्यांचा धंदा बसला आणि त्यांनी ओरडही पुष्कळ केली.

येथे आपल्या संस्थानी जगाचाही थोडा हिशेब मांडला पाहिजे. शिकार हा राजेलोकांचा शौक, आणि रान राखणे ही त्या शौकाची गरज. शिवपुरीचे रान राहिले ते ग्वाल्हेर दरबारने राखले म्हणून. विसाव्या शतकाच्या आरंभी माधवमहाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणून आपल्या मुलखात सोडण्याचा प्रयोगही केला होता. शिवपुरीचे तेच माधव राष्ट्रीय उद्यान २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. ही जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी, की सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेच्या वर वाघ सांगतात. आणि देशातले शेवटचे चित्ते म्हणून ज्यांची नोंद आहे ते तीन चित्ते कोरिया संस्थानच्या राजांनी १९४७ साली एकाच रात्री मारले. कान्ह्याचे उदाहरण तर बालाघाटकरांच्या अंगणातलेच. तेथले रान १९३३ पासून अभयारण्य होते. तरी स्वातंत्र्याच्या आगेमागे विजयानगरमच्या राजकुमारांना शिकारीची खास परवानगी मिळाली आणि त्यांनी तेथे व आसपास तीसएक वाघ मारले. त्यावर इतका गवगवा झाला की १९५५ साली खास कायदा करून कान्ह्याचे राष्ट्रीय उद्यान करावे लागले.

वाघापेक्षाही बिकट अवस्था बारशिंग्याची होती. कान्ह्याचा बारशिंगा दलदलीत न राहता कठीण भुईवरच्या माळांत चरतो. ही जात जगात दुसरीकडे कोठे उरलेली नव्हती. १९७० साली मोजदाद झाली तेव्हा एकूण जनावरे भरली ६६. त्याआधी काही वर्षे मंडल्याला कलेक्टर म्हणून आले होते ते एम. के. रणजितसिंह, वांकानेरच्या राजघराण्यातले. बारशिंग्यांच्या कुरणातले सोंफ हे गाव हलवून त्या जनावरांना जागा मिळवून देण्याच्या कामी ते पडले. तेच गृहस्थ पुढे दिल्लीस गेले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा मसुदा त्यांच्या हातून उतरला. वाघासाठी जी तज्ज्ञ समिती नेमली गेली तिचे काम पाहणारे मंत्री होते करणसिंह, जम्मू-काश्मीरच्या गादीचे वारस. ज्या वर्षांत बाईंनी राजेलोकांचे तनखे बंद केले, त्याच वर्षांत रान राखण्याच्या कामी त्यांनी राजघराण्यांतलीच माणसे हाताशी धरली.

१९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची पहिली पर्यावरण परिषद झाली. यजमान स्वीडनचे ओलोफ पाल्मे सोडले तर दुसऱ्या कोणत्याही देशाचे पंतप्रधान तेथे गेले नाहीत. गेल्या त्या एकट्या इंदिराबाई. गरिबी आणि पर्यावरण हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडून सोडविता येणार नाहीत, हे त्यांनी तेथे मांडले. परत आल्यावर सप्टेंबरात वन्यजीवांचा कायदा झाला. वन्यजीव हा तेव्हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. म्हणून आधी राज्यांच्या विधिमंडळांकडून ठराव करून घ्यावे लागले. त्यांत मध्यप्रदेशही होता. त्याच वर्षीच्या गणतीत वाघ भरले १८२७. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ रानांत आपल्या बाजूचा कान्हा होता आणि वऱ्हाडातला मेळघाट. प्रकल्पाचे पहिले संचालक कैलास सांखला.

आता आणीबाणीकडे वळले पाहिजे. २५ जून १९७५ च्या रात्रीनंतरचे एकवीस महिने मी विद्यार्थी म्हणून पाहिले आहेत. वर्तमानपत्रांना कुलूप, विरोधक गजाआड, खेड्यांतून नसबंदीचे आकडे पुरे करण्याची सक्ती. त्या काळात, १९७६ साली, बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. न्यायालयांचे हातपाय बांधणारी म्हणून ती बदनाम आहे, आणि ती बदनामी रास्तच. पण त्याच दुरुस्तीने दोन गोष्टी आणखी केल्या. रान आणि वन्यजीव राखणे हे राज्यसंस्थेचे आणि नागरिकांचे कर्तव्य म्हणून घटनेत लिहिले गेले. आणि वने व वन्यजीव हे विषय राज्यांच्या यादीतून उचलून राज्ये आणि केंद्र यांच्या सामाईक यादीत घातले गेले. म्हणजे राज्यातला एखादा मंत्री ठेकेदाराच्या सोयीने रान तोडू लागला तर त्याचा हात धरण्याची सोय झाली. ज्या कागदाने माणसांचे हक्क काढून घेतले त्याच कागदाने झाडांना आधार दिला. ही गाठ सोडविणे सोपे नाही, आणि लांजीला वाद पेटला तो नेमका येथे.

मी तेव्हा बालाघाटला एका शाळेत शिक्षक होतो. लांजी तेथून दक्षिणेला, आमगावच्या वाटेवर, महाराष्ट्राच्या शिवेला टेकलेले गाव. गोंडांच्या वेळचा पडका किल्ला, त्याचा खंदक, लांजकाईचे देऊळ, गावाबाहेर बांबूच्या रानात कोटेश्वर महादेव. चहूकडे धानाच्या बांध्या आणि तलाव. माझ्या आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही आतोबा म्हणत असू, तेथेच राहात. घराणे नागपूरकर भोसल्यांच्या अमलात कमाविसीच्या कामाने आलेले, पुढे मालगुजारी मिळून तेथेच रुजलेले. घरात मराठी, अंगणात पोवारी, कचेरीत हिंदी. आतोबा सत्तरीचे. पहिल्या निवडणुकीपासून जनसंघाचे, १९७७ साली जनता पक्षाचे. त्या वर्षी मध्यप्रदेशातल्या चाळीसांपैकी एकुणचाळीस जागा काँग्रेसने घालविल्या, त्याचा आनंद त्यांनी गावात पेढे वाटून साजरा केला होता. १९८० च्या जानेवारीत पुन्हा लोकसभेची निवडणूक आली. रायबरेलीत इंदिराबाईंच्या समोर राजमाता स्वतः उभ्या राहिल्या, आणि गुण्याला माधवराव काँग्रेसतर्फे! ग्वाल्हेरच्या घरांतून त्या महिन्यात माजघर एका बाजूला आणि ओसरी दुसऱ्या बाजूला झाल्याचे पुष्कळांना आठवत असेल.

मी कोणत्याच पक्षाचा सभासद नव्हतो. नाताळच्या सुटीत आत्याकडे गेलो होतो इतकेच. पण कान्ह्याच्या मुक्कीच्या बाजूला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, मुलांची सहल नेऊन मी नुकताच परतलो होतो आणि पाहिलेले डोक्यात घोळत होते. रात्री जेवणे झाल्यावर शेकोटीशी बसले की विषय निघे.

पहिल्या रात्री मी पर्यावरण हा शब्द वापरला आणि तेथेच अडखळलो. आतोबांना तो शब्द आकाशवाणीचा वाटला. त्यांचा शब्द रान. रानाविषयी त्यांना जे ठाऊक होते ते मला सात जन्मांत कळले नसते. तरुणपणी त्यांनी मचाणावर रात्री काढल्या होत्या, हाक्याला माणसे लावली होती. त्यांची तक्रार वेगळीच होती, आणि ती ऐकून घेतल्यावाचून पुढे जाता येण्याजोगे नव्हते. मालगुजार होते तोवर तलाव होते आणि रान होते, असे त्यांचे म्हणणे. तलावाचा पार फुटला तर मालगुजार गाव लावून तो दुरुस्त करी. रानातले मोहाचे झाड कोणी तोडीत नसे. १९५१ साली मालगुजारी गेली. कायदा येतो आहे ही कुणकुण लागताच पुष्कळ मालगुजारांनीच उभे रान ठेकेदारांना विकून टाकले, हे मात्र त्यांनी मान खाली घालून कबूल केले. आपल्या घराण्याने विकले नाही, याचा त्यांना अभिमान होता. पण उरलेले रान सरकारकडे गेले आणि सरकार म्हणजे काँग्रेस. मग ट्रक आले, कूप पडले, बांबू कागदाच्या गिरण्यांकडे गेला. तेव्हा काँग्रेसच्या बाईने रान राखले असे लांजीत येऊन कोणी सांगू नये.

मी दुसऱ्या रात्री त्यांच्याच तक्रारीला धरून बोललो. तोडणारे सरकार कोणते होते? भोपाळचे. रान तेव्हा सर्वस्वी राज्याच्या हातात. ठेके देणारे मंत्री, कूप लिलाव करणारे खाते, मतांसाठी रानात पट्टे वाटणारे आमदार, सगळी राज्याची माणसे आणि बहुतेक बाईंच्याच पक्षाची. त्यांच्या हातातली सत्ता ज्या बाईने काढून अर्धी आपल्याकडे घेतली, तिने आपल्याच पक्षाच्या माणसांचे दुकान बंद केले. मालगुजार जे करीत असे, म्हणजे गावाच्या लोभापासून रान राखणे, तेच काम पुन्हा कोणीतरी वरच्याने हाती घेतले. आतोबांनी विडी विझविली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आत्याने आतून दूध आणून ठेवले ते तसेच निवले.

तिसऱ्या रात्री त्यांनी उलट हल्ला केला आणि तो जबर होता. वरच्याने हात धरणे चांगले, पण वरच्याचा हात कोण धरणार? ज्या वर्षी तिने रान आपल्याकडे घेतले त्याच वर्षी तिने माणसेही आपल्याकडे घेतली. गावातल्या मास्तरांच्या मागे नसबंदीचे आकडे लावले तेही दिल्लीहूनच. मालगुजाराला गावात तोंड दाखवावे लागे, दिल्लीला कोणाला तोंड दाखवावे लागते? आणि कान्ह्यातून बैगा-गोंडांची गावे उठविली, त्यांना कोणी विचारले होते काय? या शेवटच्या प्रश्नावर माझ्यापाशी चांगले उत्तर नव्हते आणि आजही नाही. १९६९ पासून कान्ह्याच्या गाभ्यातून वीसाहून अधिक गावे बाहेर नेली गेली. जनावरांना कुरण मिळाले हे खरे; ज्या बैगांनी पिढ्यान्पिढ्या त्या रानात बेवर केले, त्यांना रानाबाहेर नांगर धरावा लागला हेही तितकेच खरे. हे मी मान्य केले. मान्य केल्यावर आतोबांचा आवाज खाली आला. कदाचित वादात समोरचा माणूस दोन्ही रकाने भरतो आहे हे पाहून असेल. जुन्या माणसाला नुसती स्तुती सांगितली की तो सावध होतो. आयुष्यभर खतावण्या पाहिलेल्या माणसापुढे खर्च लपवून जमा मांडणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय.

चौथ्या रात्री मी एकच गोष्ट सांगितली. जनता पक्षाचे सरकार आले ते आणीबाणीची घाण उपसण्याच्या कबुलीवर. त्यांनी १९७७ आणि १९७८ साली दोन घटनादुरुस्त्या केल्या आणि बेचाळिसाव्या दुरुस्तीतले पुष्कळ काही खरवडून काढले. ते करताना रानाच्या कलमांपाशी येऊन त्यांचा हात थांबला. रान राखण्याचे कर्तव्य तसेच राहिले, वने सामाईक यादीत तशीच राहिली, व्याघ्र प्रकल्प चालूच राहिला. म्हणजे आतोबांनी ज्यांना मते दिली त्यांनीही बाईंचा तेवढा वारसा आपला म्हणून ठेवून घेतला होता. आतोबांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, की शत्रूच्या घरातली देवाची मूर्ती कोणी फोडीत नाही, हे ठीकच झाले. असे काहीसे, शब्द नेमके आता आठवत नाहीत.

मत त्यांनी कोणाला दिले ते मला कळले नाही. विचारण्याची आमच्या घरात रीत नव्हती. रायबरेलीत राजमाता मोठ्या फरकाने हरल्या, गुण्यात माधवराव निवडून आले, बाई पुन्हा पंतप्रधान झाल्या. सुटी संपून मी बालाघाटला परतलो.

बाईंचे रानाचे खरे मोठे काम या शेवटल्या पावणेपाच वर्षांतले. सरकारी हिशेबाप्रमाणे १९५१ ते १९८० या काळात सुमारे ४३ लाख हेक्टर रान शेती, धरणे, कारखाने, रस्ते यांखाली गेले होते. २५ ऑक्टोबर १९८० रोजी वटहुकूम निघाला आणि वर्षअखेर त्याचा वनसंवर्धन कायदा झाला. कायदा अगदी आखूड, पाच कलमांचा. राखीव रान मोकळे करावयाचे किंवा रानाची जमीन दुसऱ्या कामाला द्यावयाची, तर राज्याने आधी केंद्राची संमती घेतली पाहिजे, एवढाच त्याचा गाभा. पण त्या एका अटीने राज्याराज्यांतले मुख्यमंत्री चिडले. रस्ता अडला, तलाव अडला, विजेचे खांब अडले, अशा तक्रारी आमच्याही जिल्ह्यात गावोगाव ऐकू येत, आणि त्यांतल्या काही खऱ्याही होत्या. बाई मात्र हटल्या नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रात पर्यावरणाचे वेगळे खाते निघाले. सुंदरलाल बहुगुणांच्या आग्रहावरून उत्तरप्रदेशच्या पहाडांत हजार मीटरांच्या वर हिरवे झाड तोडण्यास पंधरा वर्षांची बंदी झाली. १९८१ च्या नोव्हेंबरात त्यांनी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम होऊ देऊ नये असे कळविले. आज कोकणात आणि गोव्यात समुद्रकाठच्या बांधकामाचे जे नियम आहेत, त्यांचे मूळ या पत्रात आहे.

केरळातल्या सायलेंट व्हॅलीचा प्रश्न याहून अवघड. धरण बांधून वीज काढावी असा तेथल्या राज्य सरकारचा हट्ट, आणि त्यात बाईंच्या पक्षाचे लोकही सामील. विरोधात शास्त्रसाहित्य परिषदेचे शिक्षक, काही कवी आणि सालिम अली. यमुनेकाठच्या त्या पक्षिमंडळीपासून सालिम अलींच्या शब्दाला बाईंकडे वजन होते. त्यांनी शास्त्रज्ञांची समिती नेमली, अहवाल येईतो राज्याला थोपविले आणि १९८३ मध्ये धरण सोडून देण्यात आले. तेथल्या मतांचा विचार केला तर हा तोट्याचा सौदा होता.

खर्चाचा रकानाही भरून टाकू. भरतपूरच्या पाणपक्ष्यांचे तळे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ साली तेथे गुरे चारण्यास एकाएकी बंदी आली. गावकरी चालून आले, गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे शास्त्रज्ञांनी पाहणी केली तेव्हा असे निघाले, की म्हशी चरत होत्या म्हणूनच तळ्यातले गवत आटोक्यात होते! आमच्याच बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडची तांब्याची खाण याच काळात उघडली, देशातली सर्वांत मोठी उघडी खाण. डोंगर खणून त्याची विहीर झाली. आणि बाई गेल्यावर महिना-सव्वा महिन्यात, १९८४ च्या डिसेंबरात, भोपाळला जे घडले त्या कारखान्याला परवानगी त्यांच्याच अमलातली होती. वाघासाठी इतका कडक कायदा करणाऱ्या राजवटीला शहराच्या वस्तीतली विषाची टाकी दिसली नाही.

३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी त्यांच्याच अंगरक्षकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी विमानातून हिमालयाच्या शिखरांवर विखुरण्यात आल्या. दोन आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या मध्यावर, सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान झाल्याची अधिसूचना निघाली. १९८० च्या कायद्यात २०२३ साली मोठे बदल झाले; वने सामाईक यादीत आहेत ती मात्र तशीच. आणि कान्ह्यात जे बारशिंगे ६६ उरले होते ते आता हजाराच्या पुढे गेले आहेत. मध्यप्रदेशचा राज्यप्राणी तोच. एकाच रानात सगळी जात ठेवणे धोक्याचे, म्हणून २०१५ पासून तेथून कळप उचलून सातपुड्याच्या रानात नेऊन सोडण्यात आले. आता तेथे त्यांची पाडसे हिंडताना दिसतात.